उभे राहण्यापुरती जागा

मोटरसायकल शर्यतींचा नाद असलेल्या माणसाकडे ओळखीचे लोक कधी ना कधी एक विनंती घेऊन येतातच. "तुमची तिथे ओळख असेल ना, आत जायला मिळेल का?" आत म्हणजे पॅडॉकमध्ये. तिथे संघांची गॅरेजे किंवा तंबू असतात, रिमवर टायर चढवले-उतरवले जातात, स्वार लेदरचा सूट कमरेपर्यंत उतरवून खुर्चीत बसलेले असतात आणि गळ्यातला पास पाहिल्याशिवाय दारावरचा माणूस कोणालाही सोडत नाही. विचारणाऱ्याची समजूत अशी असते की, तिकीट काढून स्टँडवर बसलेल्यांना शर्यतीचे वरवरचे दर्शन घडते आणि खरी शर्यत दारापलीकडे चालते. ही समजूत निम्मी खरी आहे. दारापलीकडे पुष्कळ काही चालते, पण ती शर्यत नसते. आणि माणूस जितका आत जातो तितकी शर्यत त्याला कमी दिसते. शिवाय आत पाऊल टाकताच एक अगदी साधा प्रश्न उभा राहतो, ज्याचा विचार बाहेरून कोणी केलेला नसतो: आपण थांबायचे कुठे?

सप्टेंबर 2023 मध्ये ग्रेटर नोएडाच्या बुद्ध इंटरनॅशनल सर्किटवर मोटोजीपी या मोटरसायकल शर्यतींच्या सर्वांत वरच्या जागतिक मालिकेतली भारतातली पहिली शर्यत झाली, तेव्हा मी रीतसर तिकीट काढून स्टँडवर बसलो होतो. आत जाण्याची अडचण त्या आठवड्यात खुद्द स्वारांनाही आली होती; तोवर सहा वेळा मोटोजीपीचे अजिंक्यपद मिळवलेल्या मार्क मार्केझसह अनेकांचे व्हिसा वेळेवर हाती आले नव्हते, ही बातमी वाचून आम्हा तिकीटवाल्यांना थोडे बरेही वाटले. रविवारी ऊन इतके तापले की मुख्य शर्यत 24 लॅपवरून, म्हणजे ट्रॅकच्या फेऱ्यांवरून, 21 लॅपवर आणावी लागली. मार्को बेझेकी जिंकला, होर्हे मार्तिन दुसरा आणि फाबियो क्वार्तारारो तिसरा आला. मार्तिनच्या सूटची चेन शर्यत चालू असतानाच उघडली होती, शरीरातले पाणी कमी झाल्याने त्याला शेवटचे लॅप कसेबसे काढावे लागले आणि शर्यत संपल्यावर तो कोसळला. हे सगळे मी जिथे होतो त्याच आवारात घडले. मला कळले ते मात्र नंतर, फोनवर.

तेव्हा वाटले होते की पास असता तर हे डोळ्यांनी पाहिले असते. आता तसे वाटत नाही. मोटोजीपीच्या गॅरेजमधले मेकॅनिक शर्यत पाहतात ती भिंतीला लावलेल्या पडद्यावर, म्हणजे पुण्यातल्या घरी सोफ्यावर बसलेला माणूस पाहतो तीच. त्यांच्या पुढ्यात असते ती दुसरी मोटरसायकल. प्रत्येक स्वाराला दोन मोटरसायकली असतात आणि पाऊस सुरू झाला तर स्वार मधूनच गॅरेजसमोरच्या पिटमध्ये येऊन दुसऱ्या गाडीवर चढू शकतो, म्हणून ती दुसरी गाडी, टायरांना गरम ब्लँकेटे गुंडाळून, कोणत्याही क्षणी निघेल अशी ठेवावी लागते. स्लिक, म्हणजे खाचा नसलेला, टायर थंड असताना डांबराला धरत नाही, त्यामुळे ब्लँकेट काढण्याची वेळ ही तिथल्या लोकांच्या दृष्टीने ओव्हरटेकपेक्षा महत्त्वाची बाब असते. या मोटरसायकलींना स्वतःचा स्टार्टर नसतो. मागच्या चाकाला बाहेरून यंत्र लावून त्या सुरू कराव्या लागतात. 157 किलो किमान वजनाच्या नियमात बसणाऱ्या गाडीवर स्टार्टरची मोटर आणि मोठी बॅटरी वागवणे कोणालाही परवडणारे नसते. भारतातली शर्यत संपली तेव्हा पुढच्याच रविवारी जपानमध्ये मोतेगीला शर्यत होती. युरोपातल्या शर्यतींना संघांचे ट्रक गॅरेजच्या पाठीमागे उभे असतात; इथे सारे सामान विमानाने पेट्यांमधून आलेले. विजेत्यांचे फोटो निघत असताना गॅरेजच्या मागच्या बाजूला पेट्या उघडून भरायला घेतलेल्या असतात. अशा वेळी तिथे गळ्यात पास घालून उभ्या असलेल्या पाहुण्याची काय किंमत असते, हे सांगायला नको.

नाटकाच्या विंगेत उभे राहिलेल्यांना हे चटकन कळेल. ज्याच्या हातात प्रॉम्प्टिंगची वही आहे किंवा पुढच्या प्रवेशाचा कंदील आहे, त्याला विंगेत जागा असते. नुसताच नाटक पाहायला आलेला माणूस तिथे कुठेही उभा राहिला तरी कोणाच्या तरी वाटेत येतो. मोटोजीपीने यावर पैशांचा उपाय काढलेला आहे. महागडे पाहुणेपण विकत घेतलेल्यांना ठरलेल्या वेळी, ठरलेल्या रेषेच्या अलीकडून, पिट लेनमध्ये फिरवून आणतात. सामान्य प्रेक्षकांसाठी 2023 पासून रविवारी सकाळी स्वारांची ट्रॅकवरून मिरवणूक काढू लागले. दोन्ही गोष्टींत गैर काही नाही. लहान मुलांना आपला आवडता स्वार हेल्मेटशिवाय दिसावा, हे चांगलेच. पण त्याला आत जाणे म्हणता येत नाही. आतले थोडेसे बाहेर आणून दाखवणे म्हणता येईल.

महाराष्ट्रात वाढलेल्या माझ्या पिढीच्या शर्यतवेड्यांना या दारांची सवयच नव्हती. पुणे, नाशिक, कोल्हापूर आणि गोव्यात मातीवरच्या शर्यती होत आल्या आहेत आणि तिथला पॅडॉक म्हणजे मैदानाच्या कडेला बांबूवर ताणलेली ताडपत्री. तिच्याखाली गॅरेजवाले मिस्त्री चेनला तेल देत बसलेले, शेजारी चेनच्या दातेरी चाकांचे, म्हणजे स्प्रॉकेटचे, वेगवेगळ्या दातांचे संच आणि पाण्याचा जार. कोणी कोणाला अडवत नसे. तरीही मी तिथे अवघडून उभा राहत असे, कारण अडवणारे कोणी नसले म्हणून आपले काम निर्माण होत नाही. एकदा कोल्हापूरकडच्या एका मिस्त्रींनी मागे न बघताच हात मागे केला आणि म्हणाले, "भाऊ, जरा धरा हो हे." हे म्हणजे मागच्या चाकाचा अ‍ॅक्सल होता, ग्रीसने माखलेला. मी तो धरला. मिस्त्रींनी चाक बसवले, अ‍ॅक्सल मागून घेतला आणि पुढे तासभर काही ना काही धरायला देत राहिले. त्या तासात मैदानावर कोण जिंकले ते मला कळले नाही, आणि उभे कुठे राहायचे हा प्रश्नही पडला नाही.

पुढे मला जे दार सापडले ते मार्शलचे, म्हणजे ट्रॅकच्या कडेला झेंडे दाखवणाऱ्या आणि पडलेल्यांना मदत करणाऱ्या स्वयंसेवकाचे. चेन्नईहून बेंगळुरूच्या महामार्गाने सुमारे चाळीस किलोमीटरवर, ह्युंदाईच्या कारखान्याच्या परिसरात, इरुंगट्टुकोट्टईचा ट्रॅक आहे. तो मद्रास मोटर स्पोर्ट्स क्लबचा. हा क्लब 1953 सालचा. त्याच्या शर्यती आधी शोलावरमच्या जुन्या, दुसऱ्या महायुद्धाच्या काळातल्या धावपट्टीवर होत आणि 1990 मध्ये त्याने स्वतःचा ट्रॅक सुरू केला. लांबी 3.7 किलोमीटरच्या आसपास, वळणे बारा. मोटरसायकलच्या राष्ट्रीय अजिंक्यपद स्पर्धेच्या अनेक फेऱ्या येथेच होतात. या शर्यती चालतात त्या ट्रॅकभर उभ्या असलेल्या स्वयंसेवकांच्या जिवावर. त्यांत कॉलेजची मुले असतात, बँकेत आणि कारखान्यात नोकरी करणारी माणसे असतात, निवृत्तीला आलेलेही असतात. नाव नोंदवावे लागते, प्रशिक्षणाला बसावे लागते आणि उजाडण्याआधी हजर व्हावे लागते. ओळख लागत नाही.

प्रशिक्षणात पहिल्यांदा झेंडे शिकवतात. पिवळा झेंडा, म्हणजे पुढे धोका आहे, ओव्हरटेक बंद. पिवळ्यावर लाल पट्टे, म्हणजे रस्ता निसरडा. निळा, म्हणजे मागून वेगवान गाडी एक लॅप पुढे जायला येते आहे. काळ्यावर नारिंगी गोल आणि सोबत नंबर दाखवला की त्या नंबरच्या गाडीत बिघाड आहे आणि स्वाराने लगेच रस्ता सोडायचा. पिवळा झेंडा ट्रॅककडेच्या त्या-त्या मार्शल चौकीने स्वतःच्या डोळ्यांवर विश्वास ठेवून दाखवायचा असतो, त्यासाठी कोणाला विचारत बसायचे नाही. लाल झेंडा मात्र रेस कंट्रोलच्या, म्हणजे सगळ्या शर्यतीवर देखरेख करणाऱ्या कक्षाच्या, हुकमाशिवाय हलत नाही, कारण त्याने सगळी शर्यतच थांबते. ही वाटणी मला फार शहाणपणाची वाटते. जिथे क्षणाचा उशीर जिवावर बेतू शकतो तो निर्णय सर्वांत खालच्या माणसाकडे दिलेला आहे, आणि ज्याचे परिणाम सगळ्यांवर होतात तो सर्वांत वरच्याकडे ठेवलेला आहे. आपल्या कार्यालयांत बहुधा याच्या उलट असते, पण तो विषय वेगळा.

झेंड्यांनंतर शिकवतात ते कुठे उभे राहायचे हे. अक्षरशः. अडथळ्याच्या भिंतीत जिथे फट असते तिथे नाही, कारण घसरलेली गाडी फट शोधत येते. वळणाच्या बाहेरच्या बाजूला, गाडी सुटली तर ज्या दिशेने जाईल त्या रेषेत नाही. येणाऱ्या गाड्यांकडे पाठ करून तर कधीच नाही. पडलेली गाडी उचलायला गेलेल्या दोघांपैकी एकाने तरी तोंड रहदारीकडे ठेवायचे. चौकीप्रमुखाचा इशारा मिळाल्याशिवाय ट्रॅक ओलांडायचा नाही. आधी माणूस, मग गाडी, मग रस्त्यावर विखुरलेले तुकडे. स्वार उठत नसेल तर त्याला हलवायचे नाही, हेल्मेट काढायचे नाही, डॉक्टर येईपर्यंत फक्त त्याच्याशी बोलत राहायचे. गाडी उचलताना सायलेन्सरला हात लावायचा नाही. हे प्रत्येक जण ऐकतो आणि प्रत्येक हंगामात कोणीतरी विसरतो.

माझ्या चौकीवर बोलणे तमिळमध्ये चाले. माझी हिंदी तिथे निरुपयोगी होती आणि त्यांच्या तमिळमधले मला आकडेच तेवढे कळू लागले होते, कारण घसरलेल्या गाडीचा नंबर वॉकी-टॉकीवर सतत उच्चारला जाई. काम तरी अडले नाही. दोन गाड्यांच्या मधल्या काही सेकंदांत हातांनी जेवढे सांगता येते तेवढेच सांगण्यासारखे असते.

चौकीवरून शर्यत कशी दिसते? दिसते ते एक वळण. त्याच्या आधीचा उतरता आवाज, ब्रेकवर गाडीचे मागचे चाक हलके होऊन डुलणे, स्वाराच्या गुडघ्याचे डांबराला लागणे आणि पुन्हा चढता आवाज. मग काही क्षण उष्णता, गवत, दूरच्या महामार्गावरचे ट्रक. आणि पुन्हा तेच. पहिला कोण आणि तिसरा कोण याचा हिशेब लवकरच सुटतो, कारण मागे पडलेले पुढच्यांत मिसळतात. पण बदल्यात दुसरे काहीतरी दिसू लागते, जे टीव्हीवर कधीच दिसत नाही. एकाच जागी प्रत्येक लॅपला तोच स्वार पाहिल्यावर त्याची ब्रेक लावण्याची खूण कळते. तो रस्त्याकडेच्या कोणत्या फलकाजवळ सरळ बसतो हे ठाऊक होते, आणि एखाद्या लॅपला तो फलक ओलांडून तसाच पुढे आला की आपला हात आपोआप पिवळ्या झेंड्याच्या दांडीवर जातो. तो पडण्याआधीच आपल्याला कळलेले असते. स्टँडवरच्या हजारो लोकांना अपघात दिसतो. चौकीवरच्या चौघांना त्याच्या आधीची चूक दिसते.

होंडाच्या टॅलेंट कप या नव्या स्वारांसाठीच्या स्पर्धेत मुलांना मी एनएसएफ 250 आर ही खास शर्यतीसाठी बनवलेली गाडी चालवताना पाहिले आहे. तीत दिवे नाहीत, आरसे नाहीत आणि बटण दाबून सुरू होण्याची सोयही नाही. मुलगा वळणाबाहेरच्या खडीत घसरला, इंजिन बंद पडले, मुलाला काही झालेले नसले आणि गाडीतून तेल गळत नसले, तर तो पहिल्यांदा मार्शलकडे बघून हाताने ढकलण्याची खूण करतो. खडीतून गाडी बाहेर ढकलणे हे वाळूने भरलेला हातगाडा ओढण्याइतके जड असते. दोघे मागून लोटतात, मुलगा क्लच सोडतो, इंजिन दोनदा खोकते, लागते, आणि तो शेवटच्या क्रमांकावर का होईना पण निघून जातो. तो मागे वळून बघत नाही आणि बघूही नये. ही ओळख बरोबरीचीही नव्हे आणि मैत्रीचीही नव्हे. पण त्याची शर्यत जिथे तुटली होती तिथे कोणीतरी उभे असणे गरजेचे होते, आणि ती जागा पास दाखवून मिळणारी नाही.

याच ट्रॅकवर ऑगस्ट 2023 मध्ये बेंगळुरूचा तेरा वर्षांचा एक स्वार शर्यतीत पडला आणि त्यातच गेला. त्या फेरीच्या उरलेल्या शर्यती रद्द झाल्या. मी त्या दिवशी तिथे नव्हतो, आणि जे होते त्यांना मी कधी त्याबद्दल विचारलेले नाही. मुलांनी किती वयात किती वेगाने धावावे यावर तेव्हा बरीच चर्चा झाली, आणि ती व्हायलाच हवी होती. मला एवढेच सांगायचे आहे की, "आत जायला मिळेल का" असे विचारणाऱ्याला ज्या आतची कल्पना असते त्यात हे धरलेले नसते. मार्शलच्या कामात ते पहिल्या दिवसापासून धरलेले असते. पडद्यामागे बघण्याची हौस आणि पडद्यामागे जबाबदार असणे यांतला फरक अशाच दिवशी पडतो. त्या दिवशी फोन खिशात ठेवण्याची सूचना कोणाला द्यावी लागत नाही. निदान लागू नये.

पत्रकार आणि छायाचित्रकारांचे आत जाणे निराळे. त्यांना आधी अर्ज करून परवाना घ्यावा लागतो, अंगात नंबरचे जाकीट घालावे लागते आणि लाल क्षेत्र म्हणून आखलेल्या जागांत पाऊल टाकता येत नाही. त्यांचे मला थोडे कौतुक आणि थोडा हेवा वाटत आला आहे, कारण त्यांनाही काम असते आणि त्यांना ट्रॅकभर हिंडता येते. पण त्यांतल्याही काहींना ते पुरत नसावे. टीव्हीएसने पत्रकारांसाठी एक उपक्रम चालवलेला आहे, ज्यात मोटरसायकलींबद्दल लिहिणाऱ्यांना प्रशिक्षण देऊन याच ट्रॅकवर प्रत्यक्ष शर्यतीत उतरवतात. वळणावर गुडघा टेकवण्याबद्दल वर्षानुवर्षे लिहिलेल्या माणसाने पहिल्या शर्यतीनंतर पॅडॉकमध्ये परत आल्यावर जो चेहरा केलेला असतो, तो पाहण्यासारखा असतो. त्यानंतरच्या त्याच्या लेखांत विशेषणे कमी होतात.

दारच नसलेली एक जागा जगात आहे. ब्रिटन आणि आयर्लंडच्या मधल्या आयल ऑफ मॅन बेटावर 1907 पासून टीटी (टूरिस्ट ट्रॉफी) शर्यत होते आणि 1911 पासून ती ज्या डोंगरी रस्त्यावर होते तो साठ किलोमीटरहून थोडा लांब आहे. तो सार्वजनिक रस्ता आहे; सकाळी त्यावरून दुधाची गाडी जाते आणि रस्ता बंद झाला की त्यावरून मोटरसायकली ताशी तीनशे किलोमीटरच्या आसपास वेगाने घरांच्या कुंपणांना घासून जातात. डग्लस शहरातल्या ग्रँडस्टँडच्या पाठीमागे, नोबल्स पार्कमध्ये पॅडॉक असतो आणि त्यात कोणीही, पास न घेता, फिरू शकतो. तुम्ही तंबूच्या दोरीशेजारी उभे राहून गाडीचे इंजिन उघडलेले पाहू शकता. याचे कारण आयोजकांची उदारता एवढेच नाही. हा खेळ हौशी आणि अर्धवेळ स्वारांच्या बळावर टिकला. टीटीत 26 विजय मिळवणारा जोई डनलॉप उत्तर आयर्लंडमध्ये बॅलीमनीला पब चालवत असे आणि पुष्कळदा आपल्या गाड्या स्वतःच तयार करत असे. टीटीचाच दुसरा नामी स्वार जॉन मॅकगिनेस गवंडीकाम शिकलेला. जोईचा विक्रम 2024 मध्ये त्याचा पुतण्या मायकेल डनलॉपने मोडला. रस्ता गावाचा, स्वार शेजारचा, मग दार कोणासाठी लावायचे? आणि ट्रॅक साठ किलोमीटरचा म्हटल्यावर प्रत्येक सत्राला मार्शल शेकड्यांनी लागतात. दूरदेशीहून शर्यत पाहायला आलेले प्रेक्षकही नाव नोंदवून, शिकून, एखाद्या कुंपणाजवळची जागा सांभाळतात. या रस्त्याने 1911 पासून अडीचशेहून अधिक स्वारांचे प्राण घेतले आहेत. तिथला मोकळेपणा आणि तिथले मरण ही एकाच व्यवस्थेची दोन अंगे आहेत, हे मला नाकारता येत नाही; मोटोजीपीने दारे लावली तशी खडीची मैदाने, हवेच्या फुगीर भिंती आणि ट्रॅकवरचे दवाखानेही उभे केले. तरीही निवड करायला सांगितली, तर पाहायला मी आयल ऑफ मॅनला जाईन आणि धावायला माझ्या ओळखीच्या मुलांना बंद ट्रॅकवरच पाठवीन.

हल्ली मला विचारणाऱ्यांना मी मार्शलच्या नोंदणीबद्दल सांगतो. बहुतेकांचा उत्साह "उजाडण्याआधी" या शब्दाशी मावळतो. काहींना "जेवण चौकीवरच, डब्यात" हे ऐकून वाईट वाटते. जे जातात त्यांच्यापैकी काही पुढच्या वर्षी पुन्हा जातात आणि मग मला काही विचारत नाहीत.

मी स्वतः आता गाड्यांची तपासणी होते त्या शेडमध्ये मदतनीस म्हणून काम शिकतो आहे. शर्यतीआधी प्रत्येक गाडी तिथे येते. इंजिनातले तेल सोडण्याचा बोल्ट तारेने बांधलेला आहे का, खालच्या फेअरिंगमध्ये, म्हणजे गाडीच्या बाहेरच्या आवरणात, सांडलेले तेल साठेल अशी खोलगट जागा आहे का, ब्रेकच्या लिव्हरला संरक्षक कडे आहे का, थ्रॉटल सोडल्यावर आपोआप मिटते का, स्वाराच्या हेल्मेटवर मान्यतेची खूण आहे का आणि सूटच्या आत पाठीचे कवच आहे का, हे एकेक हाताने चाचपून पाहायचे. मुलगा तार बांधायला विसरलेला असतो, त्याचे वडील घाईत असतात, आणि गाडी परत पाठवावी लागते तेव्हा दोघेही आपल्याकडे शत्रूसारखे बघतात. शर्यतीनंतर जिंकलेल्या गाड्या पुन्हा येतात, वजनकाट्यावर चढतात, तक्रार आली तर इंजिन उघडले जाते. शेडला तीन बाजूंनी पत्रे आहेत आणि चौथी बाजू पॅडॉककडे उघडते, ट्रॅककडे नाही. कोण जिंकले ते आम्हाला कळते काट्यावर पहिली कोणती गाडी आली त्यावरून.